चार आडनावांचं बेट

सव्वासहाची तर.
आल्बेरोनीच्या धक्क्यावर माझी सायकल पहिली,
मागे पावाची व्हॅन, तिच्यामागे दोन पोरं
बूट गळ्यात अडकवून, अनवाणी.
नान्दो दोर सोडतो, न बघता,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
उजवीकडे खाजण, साय धरल्यासारखं.
डावीकडे समुद्र. त्याला सकाळी
कुणाशीच बोलायचं नसतं.

मी बदली टपालवाली, तीन आठवड्यांची.
कायमच्या बाईचा गुडघा गेला
याच रस्त्यावर, याच वाऱ्यापुढे.
बेट लांब अकरा किलोमीटर, आणि रुंद इतकंच
की समुद्राकडे वाळत घातलेली चादर
उडाली तर खाजणात पडते.
असं म्हणतात. मी अजून पडलेली पाहिली नाही.

इथे आडनावं चार.
स्कार्पा, व्यानेल्लो, बुसेत्तो, झेन्नारो.
कुठल्याशा लढाईनंतर चार घराणी आली म्हणे,
आणि चारांनी आपापसातच सोयरिकी उरकल्या.
म्हणून दर घराला टोपणनाव, आणि तेच खरं:
तीनबोटे. चिखलखाऊ. मांजरीचा जावई.
एका अख्ख्या कुळाला नुसतंच ‘उद्या’,
कारण खापरपणजोबा कर्ज
उद्या फेडणार होता.

आज पिशवीत एक निळं पाकीट,
अर्जेंटिनाहून, रोझारिओचा शिक्का.
शाई जांभळी, अक्षर थरथरतं:
‘बाई बुसेत्तो, पेलेस्त्रीना.’
संपलं.

सान पिएत्रोत एल्व्हिरा बुसेत्तो जाळं सांधत होती.
पाकीट तिने हुंगलं, उन्हात धरलं.
“माझं नाही. पण ठेवून जा दोन दिवस.”
मी हसले आणि परत घेतलं.
पोर्तोसेक्कोत इर्मा बुसेत्तो, मांडीवर लेसची उशी,
लाकडी काड्यांची खटखट न थांबवता म्हणाली,
“रोझारिओला माझी मावशी गेली,
मावशीची मावशी गेली.
कोण नाही गेलं ते विचार.”
तिसरीने दारच उघडलं नाही.
आतून फक्त रेडिओ मोठा झाला.

गिल्दा बुसेत्तो नव्वदीची.
तिने पत्राकडे पाहिलंच नाही. मला बसवलं,
वाटीभर तिसऱ्या पुढे सरकवल्या, लसूण सढळ,
आणि विचारलं, “तू कुणाची?”
“त्रेव्हिझोची.”
“गाव नाही विचारलं. कुणाची?”
मी आडनाव सांगितलं.
तिने ते तोंडात घोळवलं
आणि काटा लागल्यासारखं बाजूला काढलं.

मग बंधाऱ्याच्या कडेने खाली.
दगडी भिंत खांद्याइतकी, पलीकडून लाटांचा
कपडे आपटल्यासारखा आवाज.
वारा समोरून, खारा, ओला,
पायडल मारावं तेवढं बेट लांबतं.
खाजणात सुकती लागलेली.
उघड्या चिखलात कंबर वाकवून एक माणूस, त्याची बादली,
आणि त्याच्या दुप्पट लांब त्याची सावली.

बेटाच्या टोकाला कबरस्तान,
त्याच्याच दारात बोटीचा थांबा.
बोट यायला वेळ होता, मी आत गेले.
बुसेत्तो, बुसेत्तो, बुसेत्तो.
संगमरवरातसुद्धा टोपणनावं कोरलेली,
मेल्यावर तरी गफलत नको.
‘उद्या’ घराण्याची तर अख्खी रांग:
अन्तेनोरे उद्या. पिएरा उद्या.
मी पाकीट पुन्हा पिशवीत घातलं, तळाशी.
का कोण जाणे, घाईघाईने.

कियोज्जाच्या बोटीत सायकली मोजून घेतात.
आधीच सगळ्या भरल्या होत्या.
ओरेस्तेने माझ्याकडे पाहिलं, मग कुणाचं तरी खोकं सरकवलं.
“ये गं, अर्धा पत्ता! घे आत.”
बाकावरच्या दोन बायका पदर नसताना
पदराआड हसावं तशा हसल्या.
अकरा किलोमीटर वारा कापत आले मी,
आणि माझं नाव माझ्या आधी येऊन बसलेलं.

कियोज्जात उतरताना चेन निसटली.
हात काळे. पाकिटाच्या कोपऱ्यावर
माझा अंगठा उमटला, सहीसारखा.
उद्या पुन्हा सव्वासहाची.
आधी गिल्दाकडे.
विचारू दे म्हातारीला.